वालचंद हिराचंद : मालाला स्वतःची वाट देणारा उद्योजक

साकीनाका हे मुंबईच्या उपनगरांतील कदाचित सर्वांत गजबजलेले नाके असेल. येथून एक रस्ता अंधेरीकडे, एक कुर्ल्याकडे, एक घाटकोपरकडे आणि साकी विहारचा रस्ता पवईकडे जातो. २०१४ साली मेट्रो सुरू झाली तरी खालची कोंडी काही सुटलेली नाही. या रस्त्यांच्या आतल्या गल्ल्यांत मात्र दुसरेच जग आहे. लेथवर काम करणारे, डाय बनविणारे, पत्रा कापणारे, पावडर कोटिंग करणारे आणि निर्यातीच्या मालाचे खोके बांधणारे असंख्य छोटे गाळे तेथे दाटीवाटीने उभे आहेत. मोठ्या कारखान्याचा एखादा भाग करून द्यायचा आणि ठरल्या दिवशी पोचवायचा, यावर त्यातील अनेकांचा संसार चालतो.

हे गाळे आकाशातून पडले नाहीत. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, पवई या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या मध्याला मोठे कारखाने आले आणि त्यांच्या आश्रयाने छोट्या कारागिरीची साखळी वाढत गेली. विक्रोळीला गोदरेज आले, पवईला लार्सन अँड टुब्रो आली, कुर्ल्यात मुकुंद आणि कमानी यांचे कारखाने उभे राहिले. अंधेरी–कुर्ला रस्त्याने साकीनाक्यावरून निघाले की जेथे आपण पोचतो, त्या कुर्ल्यात आणखी एक कारखाना होता. त्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्या गाड्यांनी पुढे अर्धशतकभर मुंबईच्या टॅक्सीला चेहरा दिला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स या त्या कारखान्याचे संस्थापक म्हणजे वालचंद हिराचंद दोशी.

मोटारीचा कारखाना ही वालचंदांच्या उद्योगपर्वातील अखेरच्या टप्प्यातील गोष्ट. त्याआधी त्यांनी लोहमार्गांची कंत्राटे घेतली, बोगदे खोदले, जहाजे चालविली, ऊस पिकवला, साखर काढली, विमानाचा आणि जहाजबांधणीचा कारखाना काढला. वरवर पाहता ही यादी एखाद्या अस्वस्थ माणसाच्या धरसोडीसारखी वाटते. परंतु तिच्यात एक सूत्र आहे. एखाद्या प्रदेशात माल पिकतो किंवा तयार होतो एवढ्याने तो प्रदेश संपन्न होत नाही. तो माल वाहून नेण्याची साधने कोणाच्या हाती आहेत आणि भाडे कोण ठरवितो, यावर नफा कोणाच्या पदरात पडणार हे अवलंबून असते. ही गोष्ट वालचंदांना फार लवकर उमगली आणि आयुष्यभर ते तिचा पाठपुरावा करीत राहिले.

सोलापूरचा पेढीवाला मुलगा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातले, दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि येथलेच झाले. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारीची व कापसाची पेढी होती आणि समाजसुधारणेच्या कामातही ते अग्रभागी होते. वालचंद तान्हे असतानाच आईचे छत्र हरपले. घरी गुजराती आणि बाहेर मराठी अशा वातावरणात ते वाढले. महाविद्यालयीन शिक्षण मात्र पुरे झाले नाही. पदवी न घेताच ते घरच्या धंद्यात उतरले.

सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे आणि कापूस-धान्याच्या उलाढालीचे शहर होते. पेढीवर बसून व्याजबट्टा करण्यात पिढ्या सुखाने गेल्या असत्या. पण या तरुणाचे मन तेथे रमले नाही. धान्य आणि कापूस यांच्या व्यवहारात हात पोळून घेतल्यावर त्याची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून लहानसहान कंत्राटे घेऊ लागलेले गृहस्थ. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ घराण्याची पत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दोघांची फाटक-वालचंद ही भागीदारी सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे तिचे आरंभीचे यश.

सोलापूरच्या सावकाराच्या मुलाने आणि रेल्वेच्या माजी कारकुनाने खडी, माती आणि मजुरांच्या हिशेबात उतरावे, हे त्या काळच्या प्रतिष्ठित व्यापारी समाजाला थोडे चमत्कारिकच वाटले असणार. पण कंत्राटदारीने वालचंदांना तीन गोष्टी शिकविल्या : मोठे काम मुदतीत कसे पुरे करायचे, सरकारी खात्यांशी कसे वागायचे आणि दुसऱ्यांचे भांडवल कसे उभे करायचे. पुढे टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. तिच्या व तिच्या भगिनी संस्थांच्या द्वारा मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या जलवाहिन्या, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी कामे झाली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी सिमेंट काँक्रीटचे नळ तयार करणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनीही निघाली. मुलुंड, घाटकोपर, कुर्ला या भागांतून जाणाऱ्या तानसाच्या अजस्र जलवाहिन्यांशेजारून आपण रोज जातो. या शहराच्या पाण्यालाही वालचंदांच्या कंत्राटदारीचा इतिहास चिकटलेला आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

एका जहाजाची खरेदी

पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरण्यासाठी दिलेले एक जहाज विकायला निघाल्याची वार्ता वालचंदांच्या कानी रेल्वेच्या प्रवासात पडली. जहाज जुने होते. १८९१ साली बांधलेली ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची प्रवासी बोट. युद्धात तिचे नाव 'लॉयल्टी' झाले होते. जहाजाच्या धंद्याचा अनुभव वालचंदांना शून्य होता. तरी त्यांनी ते घेण्याचे ठरविले आणि नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास अशा मातब्बर व्यापाऱ्यांना सोबत घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. कंपनीच्या नावात ग्वाल्हेरच्या राजघराण्याचे नाव आले ते या जहाजामुळेच. अवघ्या नऊ दिवसांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

वालचंदांच्या आधी कोणी प्रयत्न केले नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीच्या साहाय्याने पूर्वेकडे सूत वाहून नेण्यासाठी स्वतःची जहाजे आणली होती. पी. अँड ओ. कंपनीने भाडे इतके उतरविले की टाटांना तो नाद सोडावा लागला. १९०६ साली तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तीही ब्रिटिश कंपनीची स्पर्धा आणि सरकारी रोष यांखाली चिरडली गेली. या पार्श्वभूमीवर 'लॉयल्टी'चे प्रस्थान पाहिले म्हणजे वालचंद कोणत्या आगीत उडी घेत होते हे कळते.

अनुभव तसाच आला. प्रवासी घेऊन जहाज निघाले खरे, पण लंडनहून परतताना पुरेसा माल मिळेना, दुरुस्त्यांचा खर्च वाढत गेला आणि जुन्या बोटीने अपेक्षेपेक्षा अधिक पैसा खाल्ला. अखेर १९२३ साली ती मोडीत काढण्यात आली. पहिले जहाज फसले, परंतु कंपनी टिकली. वालचंदांनी प्रवासी वाहतुकीचा मोह सोडून मालवाहू जहाजांवर भर दिला आणि किनाऱ्यावरच्या व ब्रह्मदेशच्या व्यापारात पाऊल टाकले.

भाड्याचे युद्ध

रंगूनचा तांदूळ, कोलकात्याचा कोळसा, मलबारचे लाकूड, काठियावाडचे मीठ हा माल त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्याने फिरत असे आणि तो वाहणारी प्रमुख कंपनी होती ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन. पी. अँड ओ.शी तिचे एकीकरण झालेले होते आणि दोहोंचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप होते. नव्या कंपनीला रोखण्यासाठी त्यांच्या हाती दोन शस्त्रे होती.

पहिले शस्त्र भाडेकपातीचे. नवी कंपनी ज्या मार्गावर येईल त्या मार्गावरचे भाडे एकदम खाली आणायचे आणि प्रतिस्पर्धी गेला की पुन्हा वाढवायचे. मोठ्या कंपनीला इतर मार्गांवरचा नफा हाताशी असे. छोटीला तोटा सोसवत नसे. दुसरे शस्त्र अधिक सूक्ष्म होते. त्यास विलंबित सवलत म्हणत. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यातील काही अंश कंपनी त्याच्या नावे जमा ठेवी आणि पुढील ठरावीक काळात त्याने एकही खंडी माल दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून पाठविला नाही तरच ती रक्कम परत देई. म्हणजे स्वदेशी जहाजाबद्दल व्यापाऱ्याच्या मनात कितीही आपुलकी असो, त्याची रक्कम आधीच अडकलेली असे. देशभक्ती आणि हिशेब यांची अशी पद्धतशीर फारकत करण्यात आली होती.

हे युद्ध सिंदियाला परवडणारे नव्हते. युद्धोत्तर तेजीत चढ्या दराने घेतलेली जहाजे, मंदावलेला व्यापार आणि पडलेले भाडे यांत भागधारकांचा पैसा वितळू लागला. इंचकेप यांच्याकडून कंपनी विकत घेण्याचा प्रस्तावही आला. तो भागीदारांनी स्वीकारला नाही. अखेर १९२३ साली दोन कंपन्यांत दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनाऱ्याच्या व्यापारात राहावे, जहाजांचे एकूण टनेज ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवू नये, दूरदेशीच्या मार्गांना हात लावू नये, अशा त्याच्या अटी होत्या. लंडनला जहाज पाठवून सुरू झालेल्या कंपनीने परदेशी मार्ग सोडून द्यावा, हा अपमान वालचंदांच्या जिव्हारी लागला. करारावर ते कधीही संतुष्ट नव्हते. पण कंपनी बुडाली तर पुढच्या पन्नास वर्षांत कोणी हिंदी माणूस जहाजाचे नाव काढणार नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी माघार घेतली, पण मैदान सोडले नाही.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि कंपनीचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. त्यांनी लढाईची जागा बदलली. बंदरावरून ती विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत गेली. आपल्या किनाऱ्याचा व्यापार आपल्याच जहाजांसाठी राखून ठेवणे ही अनेक सागरी राष्ट्रांची रीत होती. हिंदुस्थानला ती नाकारण्यात येत होती. मध्यवर्ती कायदेमंडळात साराभाई हाजी यांनी १९२८ साली त्यासाठी विधेयक आणले. ते कायद्यात उतरले नाही. किनारा आपल्या जहाजांना मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या सुमारास. तेव्हा वालचंद अंथरुणाला खिळलेले होते.

मराठी मुलखाचा विचार

मुंबईच्या व्यापारी संस्थांमध्ये युरोपीय, पारशी, गुजराती व्यापाऱ्यांचा प्रभाव मोठा होता. सोलापूर, पुणे, सांगली, नाशिक, खानदेश, वऱ्हाड येथील व्यापारी व कारखानदार विखुरलेले होते. रेल्वेचे मालभाडे, जकात, बँकांची पतपुरवठ्याची धोरणे या गोष्टी त्यांच्या पोटाशी निगडित, पण त्यावर एकत्र बोलणारे व्यासपीठ त्यांच्यापाशी नव्हते. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली, त्यात वालचंदांचा पुढाकार होता. राष्ट्रीय पातळीवर ते फिक्की या महासंघाचेही अध्यक्ष झाले. परंतु महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या व्यापाराला वेगळी वाचा हवी, हा त्यांचा आग्रह त्यांच्या सोलापुरी घडणीतून आला होता.

या आग्रहाची प्रत्यक्ष खूण इंदापूर तालुक्यात दिसते. नीरेच्या कालव्याचे पाणी आले होते, तरी कळंबच्या परिसरातली जमीन बरीचशी पडीक होती. तिच्यावर वालचंदांच्या कंपनीने ऊस लावला. त्याआधी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे असाच प्रयोग त्यांनी सुरू केला होता. दगडगोटे वेचायचे, जमीन समतल करायची, खत-पाण्याचा हिशेब बसवायचा, हे काम वर्षानुवर्षे आतबट्ट्याचे ठरले. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली, तेव्हा गणित पालटले. जावाच्या स्वस्त साखरेपुढे न टिकणारे देशी कारखाने आता टिकू शकत होते. लगेचच दोन्ही ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. कळंबच्या वस्तीचे वालचंदनगर झाले. पुढे रावळगावची चॉकलेटे आणि गोळ्या महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचल्या.

वालचंदनगरची खरी कमाई मात्र साखरेपलीकडची आहे. कारखान्याची यंत्रे दुरुस्त करण्यासाठी काढलेल्या कर्मशाळेत हळूहळू यंत्रांचे भाग होऊ लागले आणि स्वातंत्र्यानंतर तेथे संपूर्ण साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होऊन परदेशीही जाऊ लागली. अणुऊर्जा आणि अवकाश कार्यक्रमासाठी लागणारे अवजड भागही तेथे तयार झाले. नीरेकाठच्या माळावर हे कौशल्य पिढ्यांच्या सरावाने आले. प्रादेशिक विकास म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

विमान, जहाज आणि मोटार

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा वालचंद छप्पन्न वर्षांचे होते. या वयात माणसे कारभार मुलांवर सोपवून निवृत्त होतात. वालचंदांना अपत्य राहिले नव्हते. भाऊ गुलाबचंद, लालचंद, रतनचंद आणि त्यांची पुढची पिढी हाच त्यांचा परिवार होता. त्यांनी पुढच्या पाच वर्षांत तीन कारखान्यांचा ध्यास घेतला.

अमेरिकेहून पॅसिफिकमार्गे परतताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी भेट झाली. पॉली चीनसाठी विमाने बांधीत असे. हिंदुस्थानातही असा कारखाना का होऊ नये, या विचाराने वालचंदांनी सरकारशी पत्रव्यवहार आरंभिला. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जागा आणि भांडवलाचा वाटा दिला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि १९४१ मध्ये तेथे जुळविलेले पहिले विमान उडाले. युद्ध दाराशी आल्यावर १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याच कारखान्याची वारस होय.

जहाजबांधणीचा कारखाना कोलकात्यास काढावा असा विचार होता, पण तेथील बंदर अधिकाऱ्यांच्या अटींनी तो बारगळला. शेवटी विशाखापट्टणमला जागा मिळाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी बॉम्ब त्या शहरावर पडले आणि काम खोळंबले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' ही बोट पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. स्वतंत्र भारतात बांधलेले हे पहिले मोठे वाफेचे जहाज. कारखाना चालविण्याचा बोजा मात्र खासगी कंपनीला झेपेना. १९५२ साली त्याचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

तिसरा कारखाना मोटारीचा. त्याचा आराखडा युद्धाच्या आधीचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी परदेशी कारखाने पाहून १९३०च्या दशकात मोटारनिर्मितीची योजना तयार केली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने सहकार्याची तयारी दाखविली होती, पण १९३९च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. दिल्लीच्या सरकारने युद्धकाळात या योजनेला हातभार लावला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या.

कुर्ल्याची निवड हिशेबी होती. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या त्या मुंबई बंदरात. बंदरापासून लोहमार्ग जवळ, मुंबई-आग्रा रस्ता कारखान्याच्या अंगणात, मनुष्यबळ शहरातून उपलब्ध. तथापि पेट्या उघडून भाग जोडणे म्हणजे मोटार बनविणे नव्हे, हे वालचंद जाणून होते. एका मोटारीला हजारो सुटे भाग लागतात आणि ते सगळे एका छपराखाली होत नाहीत. स्प्रिंग, रबरी नळ्या, दिवे, काचा, कास्टिंग, बोल्ट यांसाठी भोवताली पुरवठादारांचे जाळे विणावे लागते. मोटारीच्या कारखान्याचे प्रादेशिक महत्त्व असते ते येथे. १९५०च्या दशकात इटलीच्या फियाटशी झालेल्या सहकार्यातून देशी भागांचे प्रमाण वाढत गेले. कुर्ला, साकीनाका, पवई, विक्रोळी या पट्ट्यात कुशल फिटर, टर्नर, वेल्डर यांची जी पिढी तयार झाली, तिचे श्रेय एकट्या प्रीमियरला नाही. अनेक कारखान्यांनी मिळून ती घडविली. पण त्या घडणीच्या आरंभीच्या खांबांपैकी एक वालचंदांनी रोवला होता.

श्रेय आणि मर्यादा

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. स्वतः पदवीधर होऊ न शकलेल्या माणसाच्या नावाने आज हजारो अभियंते ओळखले जातात.

त्यांच्या कर्तृत्वाचा आढावा घेताना दोन बाजू पाहाव्या लागतात. ते अतिशय धाडसी होते आणि त्या धाडसाला पुष्कळदा भागधारकांचा पैसा लागत असे. हाताशी भांडवल नसताना योजना जाहीर करण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांना घाम फोडी. ते सरकारशी भांडले आणि सरकारी कंत्राटांवर वाढलेही. कालव्याचे पाणी, साखरेवरील जकात, युद्धकालीन मागण्या यांचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतला. हे दोष म्हणून नोंदविण्यापेक्षा त्या काळच्या उद्योगाची परिस्थिती म्हणून समजून घेणे योग्य. पारतंत्र्यात कारखाना काढणाऱ्याला सरकारशी संघर्ष आणि सौदा ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागत.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे आणि ती त्यांच्या पश्चात दिसली. परकी मक्तेदारीपासून संरक्षण मिळावे, ही त्यांची मागणी न्याय्य होती. स्वातंत्र्यानंतर संरक्षण मिळाले. परंतु त्यासोबत परवान्यांची चौकटही आली. देशात मोटारी बनविणारे मोजकेच राहिले, ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळत राहिले आणि जगाच्या बाजारात उतरण्याची निकड उरली नाही. फियाटची ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. ती जवळजवळ त्याच रूपात दशकानुदशके विकली गेली. १९८०च्या दशकात मारुती आली आणि नव्वदीत बाजार खुला झाला, तेव्हा पद्मिनीला उत्तर सापडले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. सिंदिया कंपनीचीही गत वेगळी झाली नाही. एके काळी देशातील सर्वांत मोठी खासगी जहाज कंपनी असलेली ही संस्था कर्जाच्या ओझ्याखाली दबत गेली. बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाऊस ही देखणी इमारत तेवढी तिच्या वैभवाची साक्ष देत उभी आहे.

कुर्ल्यातील कारखान्याच्या जमिनीवर आता निवासी संकुले उभी आहेत. जमिनीचा भाव कारखान्याच्या नफ्याहून कितीतरी अधिक झाला, तेव्हा यंत्रे हलली आणि इमारती आल्या. या व्यवहारात आकड्यांची चूक काढता येणार नाही. परंतु ज्या कामगाराच्या हातात तीस वर्षांचे कसब होते, त्याला नव्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या कामाहून वेगळे काय मिळाले, हा प्रश्न या पट्ट्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. मोठा कारखाना गेला की त्याच्या भोवतालच्या गाळ्यांना नवे गिऱ्हाईक शोधावे लागते. साकीनाक्याच्या अनेक गाळेवाल्यांनी ते शोधलेही. कोणी कपड्यांच्या निर्यातीकडे वळला, कोणी औषध कारखान्यांच्या यंत्रांचे भाग करू लागला, तर कोणी वसई, भिवंडीचा रस्ता धरला.

आणि येथेच वालचंदांचा जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. २०२१ साली जगभर कंटेनरचा तुटवडा पडला आणि जहाजांचे भाडे काही मार्गांवर अनेक पटींनी चढले, तेव्हा छोट्या निर्यातदारांचा नफा भाड्यातच बुडाला. भारताच्या परदेशी व्यापाराचा बहुतांश माल आजही परदेशी ध्वजाच्या जहाजांतून जातो. भाडे येथे ठरत नाही आणि कंटेनर कोठे उतरणार तेही येथे ठरत नाही. 'लॉयल्टी' मुंबई बंदरातून निघाली त्याला शंभरांहून अधिक वर्षे झाली. तिच्या खरेदीमागे असलेला विचार, माल आपला तर वाहनही आपले हवे, हा जुना झालेला नाही. फरक एवढाच की वालचंदांना परकी सत्तेशी झगडून जे मिळवायचे होते, ते आता स्वतःच्या कार्यक्षमतेने आणि भांडवलाने मिळवावे लागेल. संरक्षणाच्या भिंतीआड बसून ते मिळत नाही, हे त्यांच्याच कारखान्यांच्या उत्तरकाळाने दाखवून दिले आहे.